सुनिताचं वाकडं अंगण

ओमप्रकाश मूळचा औंढ्याचा, पण पुण्यात टीमलीड झाल्यापासून त्याला हिंगोली जिल्ह्याची शिसारी येते. माणसं अशी का होतात कुणास ठाऊक. मला मात्र त्याचा मनापासून राग आहे.

सुनिता राठोड त्याच्या हाताखाली, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरून काम करते. आई निर्मलाबाईंचं आठवड्यातून दोनदा हिंगोलीत डायलिसिस असतं आणि नेणारं दुसरं कुणी नाही. घरूनच काम करीन, या अटीवर तिनं नोकरी धरली.

काम असं, की कंपनीचे प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यांत चालतात. अनेक मशीनवर पसरलेल्या या डब्यांचा मिळून एक क्लस्टर. एखादा डबा बंद पडला की त्याच्या जागी नवा उभा राहतो आणि त्याचा नंबर बदलतो. म्हणून डबे एकमेकांना नावानं शोधतात. नावावरून नंबर सांगायला एक वेगळी सेवा असते.

सोमवारी निम्मे डबे एकमेकांशी बोलेनात. ओमप्रकाशनं भर मीटिंगमध्ये ठरवून टाकलं, की गावाकडच्या नेटवर्कवरून सुनितानं काहीतरी अर्धवट पाठवलं असणार. शुक्रवारपर्यंत कायमचं पुण्याला यायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. स्वतःला नाचता येईना आणि म्हणे सुनिताचं अंगण वाकडं! हे बारा जणांनी ऐकलं.

सुनितानं रडण्यात वेळ घालवला नाही. एका डब्यातून दुसऱ्याला नंबरानं हाक मारली, लगेच उत्तर आलं. नावानं मारली, तर शुकशुकाट. म्हणजे रस्ता चालू होता, नाव सांगणारी सेवाच मिळत नव्हती. त्या सेवेकडे जाणारी वाट शनिवारी टाकलेल्या एका नव्या सुरक्षा-नियमानं अडवली होती. आधीपासून जोडलेले जुने डबे चालत राहिले, नंतर उभे राहिलेले तेवढे अडकले. नियमाखाली नाव ओमप्रकाशचं होतं.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये तिनं त्या नियमाचं पान स्क्रीनवर सगळ्यांसमोर उघडलं. "हा नियम तुमी टाकला, सर. माझं नेटवर्क बराबर हाय." ओमप्रकाशच्या वरच्या मोठ्या साहेबांनी तिथंच नियम दुरुस्त करायला लावला आणि पुण्याला यायचा हुकूम रद्द केला.

दुपारी ओमप्रकाशचा फोन आला. आता त्याला जिल्हा आठवला, गावची बोलीही आठवली. "आपुन एका जिल्ह्याचे, सुनिता. मला एकट्याला सांगाचं ना. चार लोकांत काहून इज्जत घालवली?"

"तुमी मला बोलले तवा मीटिंगमध्ये किती लोक व्हते, सर?"