बालवाडीच्या गेटाची कडी

बालवाडीच्या गेटाची कडी बाईंनी उघडी ठेवली नव्हती. मी ठेवलेली.

एवढंच सांगायचंय. पण एवढंच टाकलं तर कुणाला कळणार न्हाई, म्हणून बाकीचं सांगतो.

आमच्या इंदू बाई आज सकाळी गेल्या.

मी त्यांच्या बालवाडीत शिपाई हुतो. माझी शाळा चौथीत सुटलेली. मी बोलतोय, नात टाईप करतीया. तिला दम दिलाय, मध्ये फुलं आन् हात जोडल्याली चित्रं घालायची न्हाईत.

बाईंची एक तऱ्हा हुती.

नवीन पोरगं रडत आलं की त्याला वर्गात बसवायच्याच न्हाईत. पाट मांडायला लावायच्या. तांब्याभर पाणी, वाटीत गूळ-शेंगा.
मग बाकीची पोरं गोल करून इचारणार, "पावणं, कुठलं?"
रडणारं गप व्हायचं. पाव्हण्यानं रडायचं नसतंय, हे चार वर्साच्या पोराला पण ठाऊक असतंय.

पाव्हण्याला अ आ इ न्हाई. गाण्याची सक्ती न्हाई. नुसतं बसायचं, बघायचं, खायाचं.
ज्या दिवशी ते आपल्या मनानं उठून दुसऱ्याला पाणी देईल, न्हाईतर झाडू उचलील, त्या दिवशी सगळी पोरं वरडायची, "घरचं झालं रं, घरचं झालं!"
मग पाट उचलायचा.

मला ही सगळी थेरं वाटायची. पाट मी मांडायचा, टरफलं मी झाडायची.
"बाई, सोयरीक जमवायचीय काय हितं? एक दम दिला की बसत्यात."
"मामा, तुमच्या दमानं बसत्यात. पण उद्या येत न्हाईत."

एकदा मलकापूरची पोरगी आली. गौरी. बापाची कोल्हापूरला बदली झालेली.
"पावणं, कुठलं?" म्हटल्यावर "मलकापूर" म्हणाली. त्यानंतर शब्द न्हाई.
दोन आठवडं झालं, पोरगी पाटावरनं उठंना. बाईंचं आपलं रोज, "बसा पावणं, निवांत बसा."

एका दुपारी बाई बाकीच्या पोरांचं हात धुवायला मागं नळावर गेलत्या. मी टरफलं झाडत हुतो. डोकं फिरलेलं.
म्हटलं, "काय पावणं, आता जायाचं कधी?"

आपल्यात पाव्हण्याला असं कुणी इचारतंय का? आन् इचारल्यावर पाव्हणं बसतंय का?

मी कचरा टाकून आत आलो. कडी लावली न्हाई.
जरा वेळानं बघतोय तर पाट रिकामा. दप्तर न्हाई.

तासाभरानं घावली. रिक्षा स्टॉपवर. चपला उलट्या घातलेल्या. एका रिक्षावाल्यानं बिस्किटपुडा दिलता, तो मांडीवर तसाच. त्यास्नी म्हणत हुती, "मलकापूरला सोडा."
मला बघून म्हणाली, "मी निघालेय की."

त्या तासात माझं काय झालं ते आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. आज पण सांगत न्हाई.

कमिटी बसली. पोरीचा बाप लालबुंद होऊन उभा.
"कडी कुणी उघडी ठेवली?"
बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.
"मी," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं न्हाई. नोकरी जाईल ही भीती. दुसरं काय कारण न्हाई.

बाईंचा वर्ग काढून घेतला. ऑफिसात बसवलं, दाखले लिवायला. रिटायर होईपर्यंत तिथंच. पोरं खिडकीला नाकं लावून बघायची.
नव्या मॅडमनी पाट बंद केला. माझं झाडायचं काम कमी झालं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलतो. झोपूनच हुत्या. म्हटलं, आता बोलून टाकायचं.
"बाई, ती कडी..."
"ठाऊक हाय. गौरीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, मामांनी इचारलं जायाचं कधी, म्हणून गेले."
"मग बोलला का न्हाई?"
बाईंनी सुनंला हाक मारली, "अगं, मामांना पाट मांड. गूळ-शेंगा आण."
म्हटलं, "गुडघं वाकत न्हाईत माझं. खुर्ची बरी."
"बसा हो. तुम्ही कामावर आला त्या दिवशी तुमच्या हातात सरळ झाडू दिला आम्ही. पाट मांडायचा राहिलाच."

बसलो. शेंगा खाल्ल्या.

आज दारात दोन बायका बोलत हुत्या. त्यांची पोरं बाईंच्या हाताखालनं गेल्याली.
"बाई लई मायाळू. पण एकदा गेट उघडं टाकलं आन् पोरगी गेली बघ निघून."
मी म्हटलं, "बाईंनी न्हाई. मी."
एक म्हणाली, "बसा मामा, पाणी घ्या."
म्हातारा दुःखात बडबडतोय असं वाटलं त्यास्नी.

म्हणून ही पोस्ट. ज्यांची ज्यांची पोरं त्या बालवाडीत हुती, त्यांनी वाचा. पुढं पाठवा.

रडू आलं न्हाई. नात सारखी इचारतीया, आजोबा बरं वाटतंय का. काय वाटतच न्हाई. हात तेवढं गार हाईत.

बाईंना नेल्यावर सगळी गाडीमागं गेली. माझ्या गुडघ्यानं मी मागं राहिलो. मयत हलल्यावर घर झाडायला लागतंय. सून झाडू शोधत हुती.
म्हटलं, "आण इकडं."
ती म्हणाली, "मामा, तुम्ही कशाला? तुम्ही बसा."
बसलो न्हाई. सगळं घर झाडलं. अंगण झाडलं.

भावपूर्ण बिवपूर्ण मला लिवाय येत न्हाई.

जावा बाई, निवांत जावा.
निघताना गेटाची कडी लावलीया. परत फिरून बघितली.