शेवटच्या ओवीची जागा

उमाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात हजेरी घेत होते. वर्गात फोन उचलायचा नाही हा माझाच नियम. पण उमा शाळेच्या वेळेत कधी फोन करत नसे, म्हणून दारात जाऊन उचलला आणि सवयीनं म्हणाले, “बोल गं बाई, आता काय राहिलं?” पलीकडून पुरुषाचा आवाज आला. तिचा भाऊ, महेश. “ताई, उमाक्का गेली. सकाळी चहा ठेवला आन् तिथंच...” आत मुलांनी माझी वाट न बघता आपापल्या क्रमानं ‘हजर, हजर’ म्हणायला सुरुवात केली होती.

दुपारी माकणीला पोचले. उमा लिंगायत. त्यांच्यात मृताला भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसवून पुरतात. हे मला माहीत होतं, पाहिलं नव्हतं. पडवीत ती मांडी घालून बसली होती. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान किंचित पुढं झुकलेली, उजवा हात मांडीवर. कुणी मजकूर सांगेल आणि आपण उतरून घेऊ, अशा बेतानं बसल्यासारखी. वीस वर्षांत तिला मी अशी हजार वेळा पाहिली होती. माझ्या बौद्ध माहेरी भुताखेताचं नाव काढलं तरी वडील रागवायचे, आणि त्या रागावरच मी वाढले. तरी उमाला तसं बसलेलं पाहून मला रडू आलं नाही, भीती वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

आमची ओळख तेव्हाच्या उस्मानाबादेतली. एम.ए.ला मध्ययुगीन साहित्याचा पेपर घेतलेले आम्ही सगळे मिळून सहा जण. सर जुन्या पोथ्यांच्या झेरॉक्स वाटायचे आणि मोठ्यानं वाचायला लावायचे. पोथीत शब्द तोडलेले नसतात, सगळी ओळ सलग. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मला ते चटकन दिसायचं, उमाला नाही. एकदा ओळीत ‘मीनजाणे’ असं आलं. ‘मी न जाणे’, मला ठाऊक नाही, इतकं साधं. उमानं वाचलं ‘मीन जाणे’, आणि मासा हा जाणत्या जिवाचं प्रतीक कसा, यावर सरांसमोर दहा मिनिटं व्याख्यान ठोकलं. सर हसून हसून खाली बसले. त्यानंतर आमच्यात ‘मला माहीत नाही’ असं कुणी म्हणायचंच नाही. गाडी कधी येणार? मीन जाणे. निकाल कधी लागणार? मीन जाणे.

पीएच.डी. दोघींनी एकदम करायची, असं ठरलं होतं. मी अर्ज भरलासुद्धा. मग शाळेची ऑर्डर आली, पाठोपाठ लग्न ठरलं, आणि तो अर्ज तुळजापूरच्या घरात कपाटाच्या खणात गेला. उमानं लग्न केलं नाही. माकणीच्या हायस्कूलात मराठी शिकवत राहिली आणि भेटेल तेव्हा मला टोचत राहिली. “सुजाता, डोळे तुझे चांगले. मला दिले असतेस तर बरं झालं असतं. ठेवून देऊन काय उपयोग हाय?” मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. ती म्हणायची, “तू पळालीस.” मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी तिला बाडं सापडली. बाड म्हणजे जुनी शिवलेली हस्तलिखित वही. माकणीच्या धरणात जी गावं गेली त्यातल्या एका गावी जंगमांचा, म्हणजे लिंगायत गुरूंचा, मठ होता. पाणी यायच्या आधी तिथली एक पत्र्याची ट्रंक तेवढी वर आणली गेली, आणि ती पुनर्वसनातल्या एका घरी होती. तिथल्या वृद्ध स्वामींना सगळे अय्या म्हणत. उमा मला पहिल्यांदा तिकडं घेऊन गेली तेव्हा अय्यांनी विचारलं, “ह्या बाई कुणाच्या?” उमा म्हणाली, “माझ्या.” त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

ट्रंकेत तीन बाडं होती, एकावरून दुसरं उतरवलेलं. तिन्हींत तोच गुरुशिष्यांचा ओवीबद्ध संवाद. मजकुरापेक्षा चमत्कारिक होती ती उतरवायची रीत. अय्यांनी ती अशी सांगितली, “लिहिणाऱ्यानं शेवटची ओवी लिहायची न्हाय. चार बोटं जागा सोडायची. पुढं जो उतरून घेणार, त्यानं आधी ती जागा भरायची आन् मग आपली वही काढायची. जागा भरली की आधीचा मोकळा झाला.”

“आणि पुढचा आलाच नाही तर?” मी विचारलं.

“बसून ऱ्हायचं,” अय्या म्हणाले. “दुसरं काय?”

पहिल्या दोन बाडांत शेवटची ओवी खरोखरच वेगळ्या हातची होती. तिसरं बाड अय्यांच्या आजोबांचं. त्याच्या शेवटी चार बोटं कोरी जागा, कडेनं पिवळी पडलेली. अय्या अगदी सहज म्हणाले, की घरातली माणसं रानात गेली की भर दुपारी त्या ट्रंकेच्या कोपऱ्यातून कागदावर बोरू ओढल्यासारखी खरखर येते, लहानपणापासून ऐकतोय. मी उमाकडं पाहिलं. म्हटलं आता ही हसेल. ती जागेवरून उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसली.

महिनाभरानं तिनं ती जागा भरली. जुन्या हस्तलिखितावर, स्वतःच्या हातानं! मी फोनवर तिला फाडून खाल्लं. “संशोधन करायला निघालीस आणि पोथीवर गिरवतेस? शुद्धीवर आहेस का?” ती शांतपणे म्हणाली, “अगं, अय्यांनीच दौत पुढं केली. आन् आवाज बंद झालाय, सुजा. अय्या म्हणाले, इतक्या वर्षांनी दुपार कशी शांत लागली.”

मग तिनं आपली वही काढली, रीतीनं. सुट्टीत मी गेले की सोबतीला वाचायला बसायचे. तिथंच तिनं मला तो ळ दाखवला. तिन्ही बाडांतली अक्षरं तीन तऱ्हांची, एक गोल, एक तिरकं, एक किरटं. पण ळ मात्र तिन्हींत एकच. शेवटचा फराटा खाली उतरून डावीकडं आत वळलेला. “बघून लिहिताना उतरला असेल,” मी म्हणाले. “मग बाकीची अक्षरं का न्हाय उतरली?” काही महिन्यांनी तिनं माझ्या मुलीला वाढदिवसाचं कार्ड पाठवलं. पाकिटावर ‘तुळजापूर’ लिहिलं होतं, आणि त्यातला ळ डावीकडं वळलेला होता.

गेल्या मे महिन्यात धरणाचं पाणी खूप आत गेलं, तेव्हा जुना मठ बघायला आम्ही गेलो. भेगाळलेला गाळ, शंखशिंपले, आणि मधोमध मठाच्या पाच पायऱ्या. वर काही नाही. भिंती नाहीत, झाड नाही, माणूस नाही. उमा वरच्या पायरीवर चढली आणि तिनं ती शेवटची ओवी मोठ्यानं म्हटली. तिच्या अखेरीस गुरू शिष्याला विचारतो, ‘ऐकिलें कीं?’ शिष्याचं उत्तर संवादात नाहीच. उमाचा आवाज विरला, आणि बऱ्याच वेळानं तो परत आला... ‘ऐकिलें कीं?’ परत पाठवायला तिथं एकही भिंत नव्हती. मी तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच रस्त्यावर आणली. “कुठून आला गं?” मी विचारलं. उमानं पाण्याकडं बोट केलं आणि म्हणाली, “मीन जाणे.” तेवढ्यावर मात्र आम्ही दोघी हसलो.

यंदा तिनं पीएच.डी.चा अर्ज भरायचा ठरवला. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रवेश परीक्षा दिली, पास झाली, आराखडा लिहिला. शेवटच्या दिवशी सकाळच्या गाडीनं माझ्याकडं आली, कारण माकणीला नेट नव्हतं. भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत बसली आणि आम्ही कागद चढवायला लागलो. पदवीवर उस्मानाबाद, आधारवर धाराशिव, आणि साइट दोन्ही कागदांवर एकच नाव मागत होती. त्यात दोन तास गेले. मग सूचना वाचली. हस्तलिखिताची संपूर्ण नक्कल जोडावी, अपूर्ण नक्कल बाद ठरेल.

जवळ होती ती फक्त तिची वही, आणि तिच्या शेवटी चार बोटं कोरी होती.

“लिहून टाक,” मी म्हणाले.

“मी न्हाय लिहिणार. माझी जागा मीच कशी भरू?”

“उमा, असली थेरं विद्यापीठात चालत नाहीत. चार बोटांसाठी बाद होशील.”

तिनं मग वही माझ्यापुढं सरकवली. “तू लिही. तुझा तर विश्वास न्हाय ना? मग काय बिघडतंय?”

खरंच, काय बिघडत होतं? मी पेन घेतलं. ती डोळे मिटून सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘ऐकिलें कीं’ लिहून झालं आणि वर्गात शुद्धलेखन घालताना मुलं विचारतात तसं मी म्हटलं, “हं, ऐकलं. पुढं?”

“पुढं काही न्हाय,” उमा म्हणाली. तिनं मोठा श्वास सोडला. “मोकळी झाले बाई.”

कुठलंही काम उरकलं की आपण सगळेच असं म्हणतो. मला वाटलं, अर्जाबद्दल म्हणते आहे. नवव्या दिवशी ती गेली.

महेशनं नंतर सांगितलं, की तिच्या डोक्यात रक्तवाहिनीला फुगा होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी दोन महिने आधी दाखवून दिला होता, ऑपरेशनला ती तयार नव्हती. मला तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही. मग अर्ज कशाला भरला? प्रवेशासाठी, की मला ती चार बोटं भरायला लावण्यासाठी? मी कितीतरी दिवस तिच्यावर चिडलेली होते, मेलेल्या माणसावर जितकं चिडता येतं तितकं. आणि त्या चिडण्याच्या तळाशी दुसरंच काही होतं. मी ती ओवी लिहिली नसती तर?... हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. नवऱ्यालाही नाही. विचारला असता तर तो माझ्या वडिलांसारखा रागावला असता आणि मला बरं वाटलं असतं.

ती गेल्यानंतर आठवड्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्जात ईमेल माझा दिला होता, म्हणून ते माझ्याच फोनवर वाजलं. त्या रविवारी मी माझ्याकडंच राहिलेली तिची वही घेऊन अय्यांकडं गेले. म्हटलं, ट्रंकेत ठेवून मोकळं व्हावं. हा शब्द मनात आला आणि अंगावर काटा आला. अय्यांनी शेवटचं पान डोळ्यांजवळ धरलं.

“हे अक्षर उमाचं न्हाय.”

“माझं आहे, अय्या. अर्जासाठी लिहावं लागलं. नसतं लिहिलं तर...”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “ती जाणारच व्हती, बाई. तुमी न्हाय तिला नेलं. तुमी लिहिलं म्हणून बसून ऱ्हायली न्हाय. आमच्या आजोबासारखी.” आणि वही माझ्या हातात परत दिली. “ही आता तुमच्याकडं. हिच्यावरनं तुमची काढा.”

“अय्या, माझा यावर विश्वास नाही.”

“विश्वास कुणी मागितलाय? अक्षर तुमचं हाय.”

मी तिथं ओक्साबोक्शी रडले, उमा गेल्यापासून पहिल्यांदा.

आता शाळेतून आले की दुपारी तासभर मी भिंतीलगतच्या त्या खुर्चीसमोर बसते. खुर्चीत बसत नाही, ती तिची. टेबलावर उमाची वही उघडी आणि शेजारी माझी नवी. रोज पाचसहा ओव्या उतरवते. मध्येच पेन खाली ठेवते आणि कान देऊन ऐकते. घरात कुणी नसतं. कुठून खरखर येत नाही, कसलाच आवाज येत नाही. या शांततेनं मला बरं वाटतं आणि रडूही येतं, कारण तिथं आता उमा नाही हे ती शांतताच मला सांगते.

काल मी खणातला जुना अर्ज बाहेर काढला आणि टेबलावर नव्याची छापील प्रत ठेवली, साइटवर चढवण्याआधी हातानं भरून बघायला. नाव लिहिलं, विषय लिहिला. पत्त्याच्या रकान्यात गाव लिहिलं, तुळजापूर. लिहून झाल्यावर सवयीनं तपासायला घेतलं, आणि मग मुलीनं हाक मारेपर्यंत त्या अक्षराकडं बघत राहिले. ळ डावीकडं वळला होता. मी तो खोडला नाही.