मी न सांगता बदललेला पोर्ट

काही बिघडलं की आपलीच चूक असेल अशी शंका आधी कोणाला येते: ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला, की जो बाहेर ताटकळतो आहे त्याला?

नालवाडीतल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत सहा कॉम्प्युटर आहेत आणि कपाटात एक सर्व्हर. भरतीचे सराव पेपर सर्व्हरवर असतात. मुलं दर रविवारी या सहांवरून ते सोडवतात. सर्व्हर मी सांभाळते. ‘अभ्यासिका सर्वांसाठी खुली’ हे पत्रकही मीच लिहून बसस्टँडवर वाटलं होतं.

बाकीची मुलं दोन रविवार मैदानी सरावाला गेलेली. त्या रविवारी हिंगणीहून आलेली एक मुलगी पडद्यासमोर एकटीच नुसती बसून होती. तिची परीक्षा चार दिवसांवर आलेली. पडद्यावर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होत नाही.

“ताई, मी काईच दाबलं नाई,” मी विचारायच्या आतच ती म्हणाली.

वायर ठीक होती. सर्व्हरवर जाऊन पेपर उघडला, लगेच उघडला. मग मी झाडलोट करणाऱ्या काकांवर घसरले. “काका, कपाटात हात घातला का तुम्ही?”

“तुह्या डब्ब्याले मी फडकं बी लावत नाई, बाई. तू चिडशीन म्हणून धूळ बी तशीच ठेवतो.” मग हळूच म्हणाले, “पोरगी मागच्या रविवारी बी आलती. दोन घंटे बसली अन् गेली.”

“मग मले काऊन नाई सांगितलं?”

“तिनंच नको म्हटलं. तिले वाटलं, तिच्याच हातानं बिघडलं.”

तेव्हा मला आठवलं. नेहमीचा पोर्ट धोक्याचा असं कुठेतरी वाचून, मागच्या रविवारच्याही आधी मी पोर्टचा नंबर बदलला होता. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं ठरलेलं दार. सहाही कॉम्प्युटर जुनंच दार ठोठावत होते. मी तिच्या कॉम्प्युटरवर नवा नंबर टाकला. पडद्यावरचं चक्र नुसतं फिरतच राहिलं. फायरवॉल, म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी, अजून जुन्याच नंबराला ओळखत होता. सर्व्हरवर बसून तपासताना मला हे कळणार नव्हतं. आत बसलेल्याला पहारेकरी अडवत नाही. नव्या नंबराला परवानगी दिली, तेव्हा पेपर उघडला.

विहाराची रीत आहे: वंदनेची वेळ बदलली तरी दाराजवळच्या फळ्यावर लिहायचं. सरकारी कार्यालयांनी आपले निर्णय फलकावर लावावेत म्हणून मी कडक पत्रकं काढली आहेत. माझा निर्णय मात्र मी फळ्यावर लिहिला नव्हता.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या ना ताई. किती वाजेपर्यंत बसता येते?”

पाचच्या बसपर्यंत तिचे चार पेपर झाले. आधीचा रविवार मी तिला परत देऊ शकले नाही.

तुम्ही शाळेत, ग्रामपंचायतीत, वाचनालयात सर्व्हर सांभाळत असाल, तर काहीही बदलल्यावर तिथून उठा. सगळ्यात शेवटच्या कॉम्प्युटरवर बसून उघडून पाहा. मग काय बदललं ते फळ्यावर लिहा आणि पत्रकाखाली घालतो तसं खाली आपलं नाव घाला.