बर्फात ठेवलेलं रक्त

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे टाळणं सोपं गेलं.

जोयड्याच्या दवाखान्यात मी शिपाई होतो. लसींची बर्फाची पेटी खांद्याला लावून अणशी, दिग्गी अशा गावांना, जिथवर गाडी जाईल तिथवर गाडीनं आणि पुढे पायी जायचो. डोंगरातल्या बायका थट्टा करायच्या, "मामा, आइसकांडी हाय काय पेटीत?" बर्फ वितळला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलोय. लस तापली की वाया जाते, हे अंगात मुरलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवीन काम आलं. दवाखान्यात ठेवलेल्या पेशंटला ताप आला, टाके पिकले, तर त्याचं रक्त बाटलीत घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे त्यातले जंतू वाढवून बघत, कुठलं औषध त्यांना मारतं, कुठलं मारत नाही. देशभरातले असे निकाल दिल्लीला जात, कुठे कुठली औषधं निकामी झाली ते कळावं म्हणून. बाटल्या सांभाळून पोचवायचं काम माझ्याकडे आलं. कशा ठेवायच्या ते डॉक्टरांनी सांगितलंही असेल. माझं लक्ष नव्हतं. रक्त गारच ठेवायचं, त्यात ऐकायचं काय? मी बाटल्या बर्फात ठेवल्या.

दिग्गीकडची एक बाई ऑपरेशन होऊन बाळंत झाली. मुलगी झाली. मग ताप चढला, टाके लाल झाले. नवऱ्याला झाडपाल्याचं कळायचं, लोक त्याच्याकडे औषधाला येत. त्यानं घाबरून पाला वाटून आणला आणि कुणाचं लक्ष नसताना टाक्यांवर लावला. सिस्टरनं बघितलं आणि त्याला बाहेर काढलं. तिच्या रक्ताची बाटली मीच नेली. निकाल आला, जंतू वाढले नाहीत. डॉक्टरांनी चालू होतं तेच इंजेक्शन चालू ठेवलं. हुबळीला हलवायचं ठरलं तोवर उशीर झाला होता. ती वाटेतच गेली.

प्रेत घेऊन गाडीबरोबर मी त्यांच्या गावी गेलो. रक्तात जंतू नाहीत असं घरच्यांना सांगितलं होतं, मग बाई गेली कशानं? तिच्या आईनं अंगणात सगळ्यांसमोर जावयाला म्हटलं, "तुझ्या पाल्यानं खाल्ली माझी लेक." तो खाली बघत "व्हय" एवढंच म्हणाला. आजीनं नात स्वतःकडे नेली.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मॅडम आम्हाला शिकवायला आल्या. म्हणाल्या, "तुमचे निकाल फार स्वच्छ येतात, म्हणून विचारते, बाटल्या गार तर करत नाही ना? गारठ्यात जंतू मरतात, नाहीतर वाढत नाहीत." मी मागे उभा होतो.

तेव्हापासून बाटल्या बर्फाशिवाय नेऊ लागलो. त्याच वॉर्डातल्या पेशंटांच्या रक्तात जंतू दिसू लागले, आणि आमचं नेहमीचं इंजेक्शन त्यांच्यावर चालेना. त्या बाईला तेच दिलं होतं. ती वाचली असती की नाही, कुणाला सांगता येणार नाही. पण दुसरं औषध देऊन बघता आलं असतं. पाल्यावर ठपका तरी आला नसता.

पेन्शन अडकेल म्हणून गप्प बसलो. पेन्शन सुरू झाली, तरी गप्पच राहिलो.

पुढे उळवीच्या जत्रेत तिचा नवरा भेटला. फार वाळला होता. मुलीचं विचारलं तर म्हणाला, "आजीकडं हाय. माझा हात लागू देत न्हाई ती. बरोबरच हाय तिचं." मी तोंड उघडलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमी मात्र माझ्या बायकोसाठी लई धावलासा, मामा. च्या घ्या." मी चहा घेतला.

त्यानंतर तो घर सोडून गोव्याकडे कामाला गेला. कुठे, ते गावात कुणाला माहीत नाही. गेल्या वर्षी मी त्याच्या सासूकडे जाऊन सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्यानंच पाठवलं न्हवं तुमाला?" मी नाही म्हणालो. तिनं दार लावून घेतलं.

चहाचा कप हातात असताना त्याला म्हणायचं होतं ते एवढंच: तुझ्या पाल्याला दोष देऊ नकोस. तो निकाल खोटा होता, आणि तो माझ्यामुळे खोटा आला. मला माफ कर.