सड्याच्या तोंडाशीच बंद पडणारी रिक्षा

मे महिन्यात पावसला जायला निघालो आणि रत्नागिरीच्या अलीकडच्या एका गावातच उतरलो. कारण काय, तर बसच्या खिडकीतून काजू भाजल्याचा वास आला… मी असाच आहे. दोन दिवसांसाठी आलो होतो, आठ राहिलो. पावस अजून राहिलंच आहे.

पहिल्या संध्याकाळी सनसेट बघायला म्हणून स्टँडवरून हनीफभाईंच्या शेअर रिक्षात बसलो. साठीचा माणूस, पांढरी दाढी, पंधरा वर्षं आखातात मोठाले ट्रेलर चालवून आलेला. वाळवंटात माझी गाडी एकदाही बंद पडली नाही, हे त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

आणि मग त्यांची रिक्षाच बंद पडली.

जागा सांगतो. चढ संपतो, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे जांभ्या दगडांच्या रचलेल्या भिंती, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. त्यापुढे एकदम मोकळा सडा… सगळा कातळच, आणि टोकाला खाली समुद्र. हनीफभाई म्हणाले, इंजिन तापलंय, पुढे चालतच जा. अर्धंच भाडं घेतलं. आम्ही तिघं-चौघं उतरून पायवाटेने कड्यापर्यंत चालत गेलो. सनसेट भारी होता, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी परत त्यांचीच रिक्षा मिळाली. परत त्याच गडग्यापाशी बंद. ह्या वेळी मी पुढे त्यांच्या बाजूलाच अंग चोरून बसलो होतो, त्यामुळे मला दिसलं… इंजिन वगैरे काही तापलेलं नव्हतं. त्यांनी गुपचूप चावी फिरवली होती.

बाकीचे चालत पुढे गेले, मी मागे रेंगाळलो. सड्यावर एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. मोबाईल काढून मी तिच्याकडे निघालो, तेवढ्यात मागून शर्ट ओढला गेला.

“वाईच थांब, मेल्या. तिची अंडी हायत तिथं.”

मला काही दिसेना. त्यांनी लांबूनच बोट दाखवलं, तरी दिसेना. बऱ्याच वेळाने चार खडे वेगळे वाटायला लागले… घरटं नाही, काटकी नाही, उघड्या कातळावर नुसती चार अंडी. चालणारी माणसं पायवाटेने सरळ कड्याकडे जातात, पण गाड्या वळायला अख्खा सडा घेतात. अंडी बरोब्बर त्या वळणात.

मी म्हटलं, मग सरळ सांगत का नाही लोकांना? हनीफभाई म्हणाले, “मागच्या साली सांगितलं ना. मीच एकेकाला नेऊन दाखवली, मोठ्या हौसेनं. लोक फोटो काढत बसले, ती लांब उभी राहून ओरडत राहिली. उन्हानं अंडी गेली.”

एवढ्या उन्हात ती कुठल्याशा बागेतल्या पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, हे त्यांनीच सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी टोपी घालून गडग्याआड बसून मी स्वतः बघितलं. फोटो काढला नाही. खरं तर हात शिवशिवत होते…

स्टँडवर ह्या माणसाची काय चेष्टा चालते! आखातातला मेकॅनिक आला, म्हणतात. गिऱ्हाइकं दुसऱ्या रिक्षाकडे वळतात. ते ऐकून घेतात आणि संध्याकाळी रिक्षा घेऊन वर येतात. बाहेरच्या गाड्यांची वेळ तीच ना.

चौथ्या दिवशी आमच्या मागेच एक भलीमोठी गाडी आली. रिक्षा दोन गडग्यांमध्ये आडवी, पुढे जायला वाटच नाही. हॉर्नवर हॉर्न. चालवणारे साहेब खाली उतरले.

“काका, भंगारात घाला ही आता. सूर्य काय तुमच्या रिक्षासाठी थांबणारे?”

“चालत गेलात तरी दिसतो साहेब, तोच सूर्य.”

साहेब भडकले. आपण ढकलून बाजूला करू, म्हणाले आणि खरंच बाह्या सरसावल्या. रिक्षा ढकलायला कितीसा वेळ लागतो? हनीफभाईंचा चेहरा उतरला. मला काय सुचलं कोण जाणे, मी सीटखालचा पाना काढला आणि रिक्षाखाली आडवा झालो. म्हटलं, हलवू नका, चाक निखळेल. मला रिक्षातलं ओ की ठो कळत नाही! कसला तरी नट धरून पडून राहिलो, पाठीला कातळ भाजत होता… शेवटी गाडीतल्या आजीच म्हणाल्या, चला रे चालत, पाय मोकळे होतील. सगळे गेले.

हनीफभाईंनी मला हात देऊन उठवलं. “तो नट खरंच सैल केलास की काय?” म्हणाले. केला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं म्हणून वर गेलो. मागे एक नवरा-बायको, पुढे मी. गडगा आला तसा मी सवयीने उतरायला पाय बाहेर काढला… आणि रिक्षा थांबलीच नाही. तशीच पुढे, मोकळ्या सड्यावरून, पार कड्यापर्यंत.

मी त्यांच्याकडे बघितलं. “सकाळीच गेली,” ते हळूच म्हणाले. “चौघंही. आईच्या मागनं तुरुतुरु.”

मागून नवरा म्हणाला, काका, स्टँडवर तर म्हणत होते तुमची रिक्षा बंद पडते.

“दुरुस्त झाली,” हनीफभाई म्हणाले.

गावाचं नाव सांगत नाही, रागावू नका. पण कधी रत्नागिरीकडे एखाद्या सड्याच्या तोंडाशी तुमची रिक्षा बंद पडली, तर वैतागू नका. मुकाट्याने उतरा आणि चालायला लागा… चालवणाऱ्याला सगळं येत असतं.