सावडीबाहेरची साळुबाई

अवसरी बुद्रुकच्या शिवारात कांद्याची लागण सुरू झाली, की बायकांच्या तोंडी एकच सवाल असतो, "उद्या कुणाचं?" आज सगळ्या जणींनी मिळून हिचं वावर लावायचं, उद्या तिचं. ह्याला सावड म्हणायचं. ज्या घरचं वावर त्या घरचं कालवण. रोजगार मागायचा नाही, द्यायचाही नाही. हातानं केलेलं हातानंच फेडायचं.

दोन हंगाम सरले, साळुबाईला हा सवाल कुणी विचारला नव्हता.

नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झालेली. लेक पप्पू पिंपरीला कंपनीत, त्याचं बिऱ्हाडही तिकडंच. घरात ती, एक गाय आणि फळीवर ठेवलेलं एक जाडजूड निळं पुस्तक. इंग्रजीतलं. त्यात तिच्यावर एक अख्खं प्रकरण होतं म्हणे.

सुरुवात झाली ती त्र्याण्णव साली. सावडीतल्या भागूचं रांगतं पोर लागण चालू असताना पाटाच्या पाण्यात पडलं. धोंडाबाईनं पाय धरून उपसून काढलं म्हणून वाचलं. त्या दिवशी साळुबाई बांधावर बसून म्हणाली, "रोज एकीनं पोरं बघायची. तिच्या वाटणीची पात बाकीच्यांनी लावायची. तीबी सावडच की!" एवढं साधं बोलणं. चिंचेखाली पाळणाघर सुरू झालं. पुढं मंचरचे धान्याचे व्यापारी पोपटलाल शेठ यांनी पत्र्याची एक खोली बांधून दिली आणि दारावर आपल्या आईचं, कस्तुरबाईंचं नाव घातलं. मग संस्था नोंदवली. अध्यक्ष म्हणून कुणाचं तरी नाव लागतंय म्हणून साळुबाईचं लागलं.

नव्व्याण्णवला शेठची लेक रिंकू स्कूटी घेऊन वस्तीवर आली. पुण्याला विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय विचारला तर तिनं एका दमात सांगितला, "स्वयंसेवी संस्थांमधलं नेतृत्व, दानधर्म आणि जागतिक नागरी समाज."

धोंडाबाई म्हणाली, "आगं बया! ह्ये तर उसाच्या ट्रॅक्टरवानी झालं. दुसरी ट्रॉली येईस्तवर पयली कारखान्यात पोचली."

रिंकूही हसली. पोरगी गोड होती, बायकांच्यात मांडी घालून बसायची. तिनं विचारलं, "तुमच्यात नेता कोण?"

"नेता म्हंजी?"

"म्हणजे सगळ्यांच्या पुढं कोण असतं?"

"पुढं ना? पातीत साळी पुढं असती," धोंडाबाई म्हणाली. "तंगड्या लांब हायत तिच्या, बगळ्यावानी."

सगळ्या खिदळल्या. साळुबाईनं चिखलाचा गोळा मारला तो धोंडाबाईच्या खांद्यावर फुटला. रिंकूनं मात्र नाव लिहून घेतलं.

त्यानंतर रिंकूचे सगळे सवाल साळुबाईलाच. लहानपणी काय सोसलं, निर्णय कसे घेता, उद्या तुम्ही नसाल तर हे कोण चालवणार. पहिल्यांदा साळुबाईला अवघड वाटायचं. मग गोड वाटायला लागलं. खोटं का बोला? पप्पू सणाला आला तरी टीव्हीपुढं बसायचा. आणि ही शिकलेली पोरगी गालाला हात लावून तिचं बोलणं ऐकायची.

दोन हजार दोनला रिंकूनं तिला दिल्लीला परिषदेला नेलं. देशोदेशीची माणसं. कानाला यंत्र लावलं की समोरचा बोलेल ते हिंदीत ऐकू यायचं. एका गोऱ्या बाईनं विचारलं, "हे सगळं तुम्ही एकटीनं कसं उभं केलं?"

साळुबाईच्या तोंडात 'आमी' आलं होतं. पण सगळी सभा तिच्याकडं बघत होती, आणि आजवर तिच्याकडं एवढं कुणी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "केलं आपलं."

टाळ्या पडल्या. फोटो पेपरात आला. पोपटलाल शेठनं दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा धोंडाबाई तिथंच हुलगे निवडत होती. घरी आल्यावर ती कौतुकानंच म्हणाली, "नाव काढलंस हां, साळे." पण दुसऱ्या दिवशी भागूनं हाक मारली ती, "ओ ताई." हळूहळू साऱ्या जणी ताई म्हणायला लागल्या. एकटी धोंडाबाई तेवढी साळीच म्हणायची.

त्याचंही बिनसलं पुढच्या जानेवारीत. धोंडाबाईची लागण ठरली आणि त्याच दिवशी रिंकूची पुण्यात तोंडी परीक्षा लागली. सगळ्यांसमोर असते ती, प्रबंधातली माणसं पुढच्या रांगेत बसलेली पाहिजेत, असं रिंकूला फार वाटत होतं. साळुबाईचा जीव दोन्हीकडं. धोंडाबाईला नुसतं जाऊन सांगितलं असतं, "बये, मी परवा येऊन तुझा वाफा लावीन," तर काम भागलं असतं. पण दिल्ली बघून आलेल्या बाईला वाटलं, आपण नसलो तरी काम अडू नये, हीच खरी जबाबदारी. तिनं वरच्या आळीतली एक रोजंदारीची बाई ठरवली, तिच्या हातावर दिवसाचा रोज ठेवला आणि आपल्या जागी धोंडाबाईच्या वावरात धाडली.

धोंडाबाईनं त्या बाईला पातीला बसवलं. दुपारी जेवू घातलं.

महिन्याभरानं साळुबाईची लागण निघाली. बायका आल्या, दर खेपेपेक्षा चार जास्तच. मुकाट्यानं लावत गेल्या. ना कुणाच्या सासूचा विषय, ना गाणं. साळुबाईनं पहाटे उठून मासवडी केली होती, पाटा झिजेस्तोवर वाटण वाटलं होतं. दुपारी तिनं पातेलं बांधावर आणलं, तर बायका आपापल्या फडक्यातल्या भाकरी सोडून बसल्या होत्या. चटणी-भाकरी. मोलानं गेल्यावर खातात तशी.

"आगं, मासवडी केलीय ना!"

"ऱ्हाऊ द्या ताई. घरनं आणलंय."

"बरं, उद्या कुणाचं?"

धोंडाबाई तांब्यातलं पाणी पीत होती. तोंड पुसून म्हणाली, "तुमी कशाला येताय? तुमाला कामं असत्यात."

'तुमी' म्हणाली. साळुबाई पातेलं धरून तशीच उभी. रस्स्यावर तवंगाची साय धरायला लागली तरी उभी.

पुढच्या साली तिनं आपले कांदे बाहेरची टोळी लावून करून घेतले. पाळणाघर चाललं होतं, आता पगारी बाई होती. रिंकू डॉक्टर झाली, निळं पुस्तक देऊन पाया पडली आणि लग्न होऊन बंगळूरला गेली. तिच्या मागनं आणखी दोघं येऊन गेले, एक तर हॉलंडहून. सवाल तेच. साळुबाई उत्तरं द्यायची, चहा करायची, त्यांची गाडी वळणाआड गेली की गोठ्यात जाऊन गायीशी बोलायची. "नेता हाय मी, कळलं का," म्हणायची. गाय शेपटी हलवायची.

दोन हजार पाचच्या जानेवारीत ती न बोलावता धोंडाबाईच्या वावरात गेली. पात लागलेली होती. कुणी उठलं नाही, कुणी सरकलं नाही. तिनं रोपाची एक जुडी उचलली आणि कडेचा एक वाफा एकटीनंच धरला. दोन वर्षांत हाताची सवय मोडली होती. थोड्या वेळानं मागं बघितलं, तर धोंडाबाई तिनं लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा लावत येत होती.

"बोल की काय तरी," साळुबाई म्हणाली.

"तुमाला काय बोलायचं, ताई?"

"शिव्या दे. पर ताई म्हनू नको."

धोंडाबाईच्या हातातलं रोप तसंच राहिलं. "बाई धाडलीस तू मला! मोलाची बाई! माझ्या वावरात! मी काय शेठ हाय का गं? तू पोटुशी असताना तुज्या वाटणीचं पाणी मी भरलं, तवा कुणाला धाडलं व्हतं मी? आं?"

देशोदेशीच्या माणसांना देत आलेलं एकही उत्तर इथं चालण्यासारखं नव्हतं. "चुकलं माजं," एवढं साळुबाईच्या तोंडून निघालं.

"खोल लाव. उघडं पडतंय," धोंडाबाई म्हणाली आणि आपल्या पातीला गेली. दिवसभर तिच्याशी आणखी कुणी बोललं नाही. बायका बोलत होत्या त्या आपसात. संध्याकाळी त्या घोळक्यानं निघाल्या, साळुबाई मागं राहून हात धूत बसली. उद्या कुणाचं, ते तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

सकाळी बायका तिच्या दारावरून जायला लागल्या. भागू गेली, दुसऱ्या गेल्या, कुणी हसून मान डोलावली, पण थांबलं कुणीच नाही. साळुबाई उंबऱ्यावर बसून होती. सगळ्यांच्या शेवटी धोंडाबाई. ती चालता चालता, मान न वळवता म्हणाली, "रिकामीच बसणार हायेस व्हय?"

आणि न थांबता पुढं गेली.

साळुबाईनं दार ओढून घेतलं. लांब ढांगा टाकून तिला गाठता आलं असतं. पण ती जपून चालली, घोळक्यापासून थोडी मागं, पुढच्या बायकांच्या नुसत्या पाठी बघत.