आग नाल्यापलीकडे होती

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. कोणी त्या फोटोबद्दल विचारलं की मी लेन्सबद्दल बोलायला लागायचो. लेन्सबद्दल मला कितीही वेळ बोलता येतं.

मूल गावातला माझा फोटो स्टुडिओ मोबाइल आल्यावर बंद पडला. मुलीने डिजिटल कॅमेरा घेऊन दिला, तेव्हा मी कपाटातली जुनी लेन्स काढली. दोनशे मिलिमीटरची, आट्यांवर फिरवून बसवायची. नव्या कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून मधे अडॅप्टरची कडी लावावी लागते. फोकस हाताने, अ‍ॅपर्चरही हाताने. कॅमेऱ्याला मात्र वाटतं, पुढे लेन्सच नाही. फोटोसोबत तो तारीख-वेळ लिहून ठेवतो, पण लेन्सची जागा कोरी राहते.

अशा लांब लेन्सचा एक गुण असतो. मागची वस्तू ती ओढून पुढच्या वस्तूला चिकटवते.

चैत्रात मी धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. एक बाई मोहाखाली वाकून फुलं वेचत होती. तिकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. खाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून बरेच जण पाला जाळतात, आणि कधी ती आग जंगलात जाते. या बाईने झाडाखालची जमीन खराट्याने अंगणासारखी झाडून काढली होती.

"तुम्ही पाला जाळत नाही?" मी विचारलं.

"कायले जाळू? माह्या घरचा माणूस जंगलातली आग विझवाच्या कामावर हाये. त्याच्याच बायकोनं जाळलं त लोक हासतीन ना, भाऊ." मग तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "आन हे एवढी मोठी नळी? वाघ मारून राह्यले का आमाले?"

मी हसलो आणि फोटो काढू का विचारलं. "काढा, पण फुलं वेचू द्या," ती म्हणाली.

नाल्यापलीकडे, तिच्यापासून बऱ्याच अंतरावर, कोणाच्या तरी झाडाखाली पाला पेटला होता. मी शंभर-सव्वाशे पावलं मागे गेलो. अ‍ॅपर्चरची कडी सोळावर नेली, म्हणजे मागची आगही स्पष्ट येईल. थोडा डावीकडे सरकलो. नाला फांद्यांआड गेला, खराटा चौकटीबाहेर राहिला. आता आग तिच्या पावलांशी होती. हे आपोआप झालं नाही. मी ते केलं.

चंद्रपूरच्या एका मंडळाने वणव्यावर फोटोंची स्पर्धा ठेवली होती. मी फोटोखाली लिहिलं, 'मोहासाठी'. पहिला नंबर आला. स्टुडिओ गेल्यापासून मला कोणी विचारत नव्हतं. त्या दिवशी लोक रांगेत उभे राहून माझ्याशी हात मिळवत होते.

महिनाभराने जंगल खात्याचे एक साहेब आणि त्यांचा कारकून माझ्या घरी आले. स्पर्धेतल्या फोटोवरून बाईची ओळख पटली होती, पण ती म्हणत होती की आग तिची नाही, नाल्यापलीकडची. कारकुनाने मूळ फोटो उघडला.

"लेन्सच्या जागी काईच नाई इथी," तो म्हणाला.

"जुनी आहे. ती कॅमेऱ्याशी बोलत नाही," मी म्हणालो.

साहेबांनी विचारलं, "फोटो किती लांबून काढला? ते कळलं तर बाईचं म्हणणं तपासता येईल."

लेन्स शेजारच्या टेबलावर पडली होती. तिच्यावर दोनशेचा आकडा कोरलेला होता. मला फक्त बोट दाखवायचं होतं. पण मग आग खोटी ठरली असती, आणि पहिला नंबरही.

"जवळूनच," मी म्हणालो. "आठ-दहा पावलं."

बाईवर गुन्हा दाखल झाला. तिच्या नवऱ्याला त्या कामावर पुन्हा घेतलं नाही. "बायको लावते, नवरा विझवते," असं बाजारात बोलत असत. मी स्वतः ऐकलं. तो गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत मजुरीला गेला आणि दुसऱ्या वर्षी तिथल्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून मेला.

ही बातमी कळल्यावर मी तिच्या गावी गेलो. कॅमेरा नेला नाही. सगळं सांगायचं, मग तिच्यासोबत साहेबांकडे जाऊन लिहून द्यायचं, असं ठरवलं होतं. ती दारात मोहफुलं वाळवत होती. तिने मला गडूभर पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत पाहत राहिली.

"तो फोटोवाला तुमीच का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "तो दुसरा."

"मंग त्याले भेटले त विचारजा, काऊन असं केलं म्हणून."

मी हो म्हणालो आणि निघून आलो. त्यानंतर चार वर्षं मी त्या रस्त्याला गेलो नाही. मागच्या पावसाळ्यात ती तापाने गेल्याचं कळलं. खटल्याचा निकाल तोवर लागला नव्हता.

बाई, तो मीच होतो. आग तुमची नव्हती, हे मला फोटो काढतानाही माहीत होतं आणि साहेबांसमोरही. पाणी पिऊन झाल्यावर एवढं म्हणून तुमच्या पाया पडायचं होतं.